दुकानाचा नंबर नक्की कुणाच्या हातात आहे?



ओटीपी कुणाला सांगू नका, हे मी प्रत्येक बॅचमध्ये सांगतो. आणि मीच एकदा एका अनोळखी माणसाला फोन करून त्याच्याकडे ओटीपी मागितलाय! व्हिडिओत हा किस्सा घाईत उरकला, इथे नीट सांगतो.

माझं भांड्यांचं दुकान. सुरुवातीला दुकानासाठी वेगळं सिम घेतलं, जुन्या हँडसेटमध्ये टाकलं आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू केलं. हँडसेट वायफायवर चालायचा, कॉल माझ्या घरच्या नंबरवर यायचे. मग त्या सिमला रिचार्ज कशाला मारायचा? मारला नाही. व्हॉट्सअ‍ॅप चालूच राहिलं. बीबीए केलेल्या माणसाने खर्च वाचवला म्हणून मी खूश.

ऐन लग्नसराईत एका सकाळी व्हॉट्सअ‍ॅप आपोआप बंद. हा नंबर दुसऱ्या फोनवर सुरू झालाय, असा मेसेज. मला वाटलं, हॅक झालं. त्या नंबरला कॉल लावला तर पलीकडे एक वयस्कर गृहस्थ. म्हणाले, "अहो, नवीन सिम घेतल्यापासून मला लोक रुखवताच्या भांड्यांचे भाव विचारतायत!"

चोरी वगैरे काही नव्हती. प्रीपेड नंबर सलग 90 दिवस वापरला नाही आणि त्यात 20 रुपये बॅलन्सही नसेल, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर किमान 90 दिवस बाजूला ठेवतात आणि मग नव्या ग्राहकाला देतात. नियमाने तो नंबर आता त्या काकांचा होता.

खरा घाम त्यानंतर फुटला. इन्स्टाग्राम पेज, दुकानाचं जीमेल, होलसेल पोर्टलचं खातं, सगळीकडे तोच नंबर. ‘पासवर्ड विसरलात?’वर कुणीही बोट ठेवलं असतं तरी कोड काकांच्या फोनवर गेला असता. कारण ओटीपी माणूस ओळखत नाही, सिम आत्ता कुणाकडे आहे एवढंच बघतो. काका सज्जन निघाले. दुकानाच्या पाटीचा आणि जुन्या बिलाचा फोटो पाठवल्यावर त्यांनी एकेक कोड वाचून दाखवला, मी एकेक ठिकाणी नंबर बदलला. अर्धा दिवस गेला. त्यांनी नकार दिला असता तरी त्यांचं काही चुकलं नसतं.

माझं हे निष्काळजीपणामुळे झालं. पण मुद्दाम करणारेही आहेत. खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढायचं, की सगळे ओटीपी त्यांच्याकडे. ऑगस्ट 2019 मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचंच ट्विटर खातं असं नंबर पळवून ताब्यात घेतलं होतं. शेजारच्या दुकानात त्याच कंपनीची रेंज आहे आणि तुमची अचानक गायब झाली, तर ‘टॉवरचा प्रॉब्लेम असेल’ म्हणत बसू नका. दुसऱ्या फोनवरून आधी सिम कंपनीला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन.

आता मी काय करतो ते सांगतो. दुकानाचं सिम माझ्या नावावर आणि रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर. (भाच्याने किंवा कामावरच्या पोराने स्वतःच्या नंबरवर पेज काढून दिलं असेल तर आजच बदलून घ्या. तो काम सोडून गेल्यावर फोन उचलेलच असं नाही.) आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्जमधून टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा 6 आकडी पिन लावा. तो कायमचं कुलूप नाही, पण समोरच्याला काही दिवस अडवतो आणि तेवढ्यात आपण हालचाल करू शकतो. जीमेल आणि इन्स्टाग्रामला ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडा. त्यातला कोड फोनमध्येच तयार होतो, एसएमएसने येत नाही, त्यामुळे डुप्लिकेट सिमवाल्याला तो मिळत नाही. फोन हरवला तर लागतील म्हणून बॅकअप कोड कागदावर लिहून तिजोरीत ठेवलेत.

आणखी एक. सुरक्षेसाठी दिलेला नंबर सुरक्षेसाठीच वापरतील, याची खात्री नसते. लोकांनी सुरक्षेसाठी दिलेले नंबर ट्विटरने जाहिराती दाखवायला वापरले, म्हणून 2022 मध्ये अमेरिकेत त्यांना 15 कोटी डॉलरचा दंड झाला. म्हणून माझा घरचा नंबर मी कुठल्याही पेजवर देत नाही.

आणि गिऱ्हाईकाचा नंबर? तिथे आपणच ट्विटर असतो. नंबर दिल्याशिवाय बिल नाही, असा आग्रह दुकानदारांनी धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्येच सांगितलंय. आमच्या काउंटरवर आधी विचारतात, "ऑफरचे मेसेज पाठवले तर चालतील का?" नको म्हणाले तर ती जागा रिकामी ठेवून बिल निघतं. सॉफ्टवेअरवाल्याकडून ती सेटिंग करून घ्यायला मला दोन फोन करावे लागले, एवढंच.