हलत्या दाताचा दोष कोणाचा?

दात साफ करून घ्या म्हटलं की महाराष्ट्रात कुठेही, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही, एक ठरलेलं उत्तर ऐकू येतं: नको, साफ केले की दात हलायला लागतात. या समजुतीला लोणीच्या किंवा संगमनेरच्या दंत महाविद्यालयात मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं. दाताभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं. कीटणाने दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात, ते काढलं की आधीपासूनचा ढिलेपणा उघड होतो. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. दाताला खरं धरून ठेवतो तो मुळावरचा सिमेंटम नावाचा थर. हिरडीजवळ त्याची जाडी जेमतेम २० ते ५० मायक्रॉन, म्हणजे साधारण केसापेक्षाही कमी. जबड्याच्या हाडातून निघालेले तंतू याच थरात रुततात. हायपोफॉस्फेटेशिया या दुर्मीळ आनुवंशिक विकारात तो नीट बनत नाही. मग पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे दुधाचे दात अख्ख्या मुळासकट गळून पडतात.

बराच काळ हा थर म्हणजे मुळावरचं निर्जीव अस्तर मानलं गेलं. पण त्यात निम्म्याच्या आसपास खनिज असतं आणि उरलेल्या भागात, मुख्यतः कोलॅजेनमध्ये, थोडी पण कामाची प्रथिनं मिसळलेली असतात. बोन सायलोप्रोटीन आणि ऑस्टिओपोंटिन यांच्यावर तीन अमिनो आम्लांचा एक ठरावीक क्रम असतो. पेशींच्या पृष्ठभागावरचे इंटेग्रिन तो ओळखतात, पेशी तिथे चिकटते, पसरते आणि तिच्या आत कामाचे संदेश सुरू होतात. बोन सायलोप्रोटीन नसलेल्या उंदरांत हा थर सदोष बनतो आणि तंतू मुळापासून सुटतात. मेक्सिकोत हिगिनिओ आर्सातेंच्या गटाने अभ्यासलेलं सिमेंटम प्रोटीन-१ तर आणखी पुढे जातं: त्याचं जनुक हिरडीच्या पेशींत घातल्यावर त्या खनिज साठवणाऱ्या पेशींसारखं वागू लागल्या. म्हणजे मुळाजवळ कोणत्या पेशी टिकतील आणि त्या काय बांधतील, यात या थराचाही वाटा आहे.

मग हिरडीच्या आजारात मूळ खरवडून गुळगुळीत करण्याची जुनी रीत तपासायला हवी. तिच्या बाजूचा आक्षेप वजनदार आहे: जंतूंचं विष सिमेंटममध्ये मुरलेलं असतं, ते काढलंच पाहिजे. पण १९८६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी आजारी दातांवर पाहिलं, तेव्हा सुमारे ३९ टक्के विष नुसत्या धुण्याने आणि ६० टक्के ब्रशने निघालं. ते वरवरच चिकटलेलं होतं. कीटण काढायलाच हवं; थर खरवडण्याचं कारण मात्र लंगडं पडतं. दुसरा आक्षेप मी मान्य करतो. प्रयोगशाळेतल्या पेशी म्हणजे रुग्णाचं तोंड नव्हे, आणि आजाराने बिघडलेल्या सिमेंटममध्ये ही प्रथिनं शाबूत असतीलच असं नाही. मुळाभोवतीचा आधार पुन्हा उभा राहावा म्हणून डुकरांच्या वाढत्या दातांपासून काढलेल्या प्रथिनांचं एक औषध १९९०च्या दशकापासून मिळतं. त्याने दाताभोवतीच्या हाडातल्या निवडक खोल खड्ड्यांत फायदा होतो, पण तो बेताचा. त्याचा उगम मात्र रुग्णाला आधी सांगायला हवा.

तयार प्रथिनांचा फायदा असा मर्यादित असताना मिश्रीचा प्रश्न जवळचा ठरतो. भाजलेल्या तंबाखूची पूड रोज हिरडीवर घासली जाते, आणि निकोटीन मुळाच्या पृष्ठभागावर पेशी नीट चिकटू देत नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे. दात साफ करायला घाबरणाऱ्या घरात तीच पूड दात घट्ट व्हावेत म्हणून लावली जाते.