भिंतीवर तारपा

नव्या टॉवरमधल्या भिंती खिळा घेत नाहीत. ॲल्युमिनियमचे साचे लावून अख्खी भिंतच काँक्रीटची ओतलेली असते. खिळा वाकतो, आणि हॅमर ड्रिल लावायचं म्हटलं तर आत वायरीची नळी कुठून गेली आहे याची धास्ती. आमच्या हॉलमधली 14 फुटी भिंत त्यामुळे कोरीच राहिली होती. वॉलपेपर लावावा म्हटलं, पण पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या वॉलपेपरला आलेले फुगे पाहिले आणि तो विषय मिटला. शेवटी वारली चित्र काढून घ्यायचं ठरलं. डहाणू तालुक्यातून एक मामा आणि त्यांची भाची आली.

पहिलं काम गेरूचं. गावाकडे कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लिंपा, वर गेरू. इथे पुट्टी घासून गेरूच्या रंगाचा इमल्शन पेंट मारला. मॅटच हवा, हे मामांनी फोनवरच बजावलं होतं. चकचकीत रंगावर ट्यूबलाइट पडली की अर्धं चित्र दिसेनासं होतं. तांदळाचं पीठ आणि डिंकाचं पाणीही इथे चालत नाही. प्लास्टिक पेंटवर ते वाळलं की खपल्या निघतात, म्हणून पांढरा ॲक्रिलिक. काडी मात्र बांबूचीच, टोक ठेचून मऊ केलेली.

मामांनी दोरा आणि खडूने एक मोठं वर्तुळ आखलं. आखणी तेवढीच. मधोमध तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली नाचणाऱ्यांची साखळी, आत आत वळत जाणारी. तारप्याकडे कुणी पाठ करायची नाही हा नाचाचा नियम, म्हणून प्रत्येक माणसाचा कल वर्तुळातल्या त्याच्या जागेप्रमाणे बदलतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून मांडायचे, आणि वरचा किंचित कलता केला की माणूस चालायला लागतो. तोच आणखी वाकवला की भाताची लावणी करतो. भाची हे न मोजता करत होती. काडी बुडवली की पहिली रेघ ठसठशीत, पुढची बारीक, मग पुन्हा बुडवायची. भिंतीला नाक लावून पाहिलं तर कुठे कुठे काडी बुडवली ते आजही ओळखू येतं. छापील स्टिकरवर सगळ्या रेघा एकसारख्या असतात.

भिंत मोठी, तर माणसंही मोठी काढा, असं आमच्या घरातून सुचवण्यात आलं. मामा हसले आणि नाही म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. दोन फुटी वारली माणूस सार्वजनिक शौचालयाच्या दारावरच्या बाहुल्यासारखा दिसतो, हे मी काही हॉटेलांत पाहिलं आहे. माणूस बोटभरच ठेवायचा आणि गर्दी वाढवायची: मासे धरणारे, जात्यावरच्या बाया, कोंबड्या, वारुळाकडे निघालेल्या मुंग्या. मुंग्यांवर भाचीचा बराच वेळ गेला. आणि इथेच मला दराची पद्धत खटकते. हे काम चौरस फुटावर ठरतं. तेवढ्याच भिंतीत पन्नास माणसं काढली काय नि पाचशे काढली काय, पैसे तेच. आम्ही किती दाट भरायचं ते आधी बोलून दर वाढवून दिला.

एसीच्या पाइपावरची पांढरी पट्टी छतापासून खाली येते, तिचं काय करायचं हा माझा प्रश्न होता. भाचीने तिला गेरू फासला आणि तिचा ताड केला. आता त्यावर कमरेला मडकं बांधलेला एकजण ताडी काढायला चढतो आहे.

सासूबाईंना देवचौक हवा होता, पालघट देवीचा.

“तो लग्नाचा असतो, आजी,” मामा म्हणाले. “सवाशिणी काढतात, धवलेरी गाणी म्हणते. इथं कुणाचं लग्न आहे?”

विषय संपला. हे सगळं मुळात बायकांचंच काम. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या भागात चित्रांसाठी कागद घेऊन गेले, आणि नाव झालं ते गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं. 2011मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018मध्ये ते गेले. मामा कागदावरचं बघत शिकलेले. भाची म्हणते, तिला आजीने भिंतीवर शिकवलं. दोघांच्या रेघेत फरक आहे. मला भाचीची आवडते, जरा ढिली आहे.

सोफ्याच्या पाठीएवढी पट्टी त्यांनी नुसती गेरूची सोडली. तिथे डोकी टेकतात, तेलाचे डाग पडतात, चित्र खराब होतं. निघताना उरलेला गेरू एका बरणीत भरून भाचीने माझ्या हातात दिला.

“डाग पडला तर हा लावा, ताई. पांढऱ्याला मात्र हात लावू नका. मला फोन करा.”