वेल्डिंगनंतरचा शेक
भुसावळजवळच्या दीपनगरच्या 660 मेगावॉट संचासारख्या सुपरक्रिटिकल वीज संचांत मुख्य वाफनळ्या बहुधा ‘पी-91’ पोलादाच्या असतात. क्रोमियम सुमारे 9 टक्के. वेल्ड थंड होताना सांध्यालगतचे हे पोलाद कडक, ठिसूळ होते, ताण आतच अडकतो. म्हणून सांध्याभोवती सिरॅमिक हीटर पॅड गुंडाळायचे, वर उष्णतारोधक वेष्टण, नळीला तापमान मोजणारे थर्मोकपल टाचलेले, आणि सुमारे 750 अंश सेल्सिअसला काही तास शेक. साध्या कार्बन पोलादाला 600 ते 650 अंश पुरतात. दर 25 मिलिमीटर जाडीला साधारण तासभर. ‘पी-91’ला मात्र पारा 800च्या वर गेला तर अंतर्रचनाच बिघडते. म्हणून शेकाच्या तापमानाचा आलेख सांध्याच्या एक्स-रेइतकाच काटेकोर तपासायला हवा. ठिसूळपणा एक्स-रेत दिसत नाही, तो कडकपणा मोजूनच कळतो.