स्टँडबाय डेटाबेस: उभारणी आणि मर्यादा

स्टँडबाय डेटाबेस म्हणजे चालू डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवर, शक्यतो दुसऱ्या शहरात, सतत अद्ययावत होत राहणारी प्रत. आग, पूर किंवा डिस्कच्या बिघाडाने मूळ सर्व्हर बंद पडला, तर कामकाज या प्रतीवर वळवता येते.

पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस प्रणालीत बदल सलग पाठवत राहण्याची सोय २०१० साली, ९.० या आवृत्तीत आली. कोणताही बदल डेटाच्या फायलींत उतरण्याआधी ‘वॉल’ नावाच्या लॉगमध्ये नोंदला जातो. मुळात ही नोंद अचानक वीज गेल्यावर सर्व्हरला सावरता यावे म्हणून. पण त्याच नोंदी नेटवर्कवरून पाठवून दुसरीकडे त्याच क्रमाने लागू केल्या, की स्टँडबाय मिळतो.

उभारणी अवघड नाही. मूळ सर्व्हरवर रेप्लिकेशनची परवानगी असलेला युजर तयार करायचा, ‘पीजी_बेसबॅकअप’ने संपूर्ण डेटा उतरवून घ्यायचा, बाराव्या आवृत्तीपासून लागणारी ‘स्टँडबाय.सिग्नल’ ही रिकामी फाइल ठेवायची आणि मूळ सर्व्हरचा पत्ता देऊन स्टँडबाय सुरू करायचा. दोन्हीकडची मुख्य आवृत्ती एकच हवी.

खरा निर्णय वेगळाच असतो: बदल असिंक्रोनस पद्धतीने पाठवायचे की सिंक्रोनस. असिंक्रोनस पद्धतीत मूळ सर्व्हर स्टँडबायसाठी थांबत नाही. वेग टिकतो, पण अपघातात शेवटचे काही व्यवहार हरवू शकतात. सिंक्रोनस पद्धतीत स्टँडबायची पोच आल्याशिवाय व्यवहार पक्का झाल्याचे कळवले जात नाही. अंतर वाढले की ही वाट पाहणे महाग पडते, आणि एकुलता स्टँडबाय बंद पडला तर मूळ सर्व्हरवरचे व्यवहारही अडकून राहतात.

स्टँडबायला बॅकअप समजणे हा मात्र घातक गैरसमज. कोणी चुकून टेबल पुसले, तर तीही आज्ञा इमानेइतबारे तिकडे पोचते. त्यामुळे वेगळा बॅकअप हवाच. शिवाय बदल काही तास उशिरा लागू करणारा आणखी एक स्टँडबाय ठेवता येतो.

वापरून न पाहिलेल्या स्टँडबायवर विसंबण्यात अर्थ नाही. मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांनी २ मार्च २०२४ रोजी, शनिवार असूनही, विशेष सत्र घेऊन प्रत्यक्ष व्यवहार पर्यायी केंद्रावर चालवून पाहिले ते यासाठीच.

स्टँडबायला मुख्य सर्व्हर म्हणून बढती देण्यापूर्वी जुना सर्व्हर खरोखर बंद असल्याची खात्री करावी लागते. नाहीतर दोन्हीकडे नोंदी होत राहतात आणि त्यांचा मेळ पुढे बसत नाही. जुना सर्व्हर नंतर ‘पीजी_रिवाइंड’ने नव्याशी जुळवून स्टँडबाय म्हणून परत जोडता येतो; मात्र त्यासाठीची सेटिंग आधीच चालू नसेल, तर सगळी प्रत पुन्हा घ्यावी लागते.