वडगावची लढाई : रणातला जय आणि तहातला जय

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल तळेगाव सोडते आणि लगेच वडगाव येते. काही मिनिटांचा हा प्रवास १७७९ च्या जानेवारीत इंग्रजी फौजेला उलट्या पावली करावा लागला आणि तो तिला शरणागतीपर्यंत घेऊन गेला.

मूळ कलह घरचाच होता. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. पुढच्या वर्षी जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावे बारभाईंनी कारभार चालविला. गादीसाठी रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. मुंबईकर इंग्रजांना साष्टी आणि वसई हवी होती; साष्टी तर त्यांनी १७७४ च्या अखेरीस घेतलीही. पुण्यात आपल्या ओंजळीने पाणी पिणारा पेशवा बसविणे, हा पुढचा डाव होता.

१७७८ च्या नोव्हेंबरात सुमारे ३,९०० सैनिक रघुनाथरावांसह मुंबईहून निघाले. बरोबर सामानाचे सुमारे १९,००० बैल. घाट चढल्यावर हा लबाजमा दिवसाला मैल-दीड मैलाहून अधिक सरकेना. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांनी समोरासमोरची मोठी लढाई टाळली. गनिमाला आत येऊ द्यायचे, त्याची रसद तोडायची, बाजूंनी छापे घालायचे, हीच त्यांची नीती. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यामुळे आपल्याच लोकांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले!

९ जानेवारीला इंग्रज तळेगावात पोहोचले, तो गाव जळालेला. दाणा नाही, वैरण नाही. वेळ आली तर चिंचवड आणि पुणेही जाळण्याची नाना फडणिसांची तयारी होती. राजधानीची राख करू, पण ती शत्रूच्या हाती देणार नाही, हा तो निर्धार! पुणे दोन मजलांवर असताना ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून इंग्रज मागे फिरले. वडगावला ते पुरते वेढले गेले.

जानेवारीच्या मध्यावर करार झाला. १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत द्यावा, रघुनाथरावांचा पक्ष सोडावा, बंगालहून येणारी फौज थांबवावी. हमीसाठी दोन अधिकारी ओलीस राहिले. पण मुंबईला पोहोचताच इंग्रजांनी करार नाकारला आणि कलकत्त्याच्या हेस्टिंग्जनेही तो मानला नाही. गॉडर्डची फौज सुरतेला पोहोचलीच.

मग या विजयाने साधले काय? इंग्रजी पलटणींचा दबदबा पुण्याच्या दारात मोडला. त्यामुळेच १७८० मध्ये निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एका फळीत आणणे नानांना शक्य झाले, जरी सर्वांनी सारख्या जोराने साथ दिली नाही. १७८१ मध्ये गॉडर्ड बोरघाटात आला, तेव्हा त्यालाही तोट्यानिशी परतावे लागले. दुसरीकडे उत्तरेत इंग्रजांनी ग्वाल्हेर घेऊन महादजींवर दडपण आणले. अखेर १७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथरावांचा दावा संपला, सवाई माधवराव हेच पेशवे ठरले. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

वडगावने गादी राखली, साष्टी राखली नाही. रणात मिळविलेले तहात टिकविण्यासाठी सावधपणा आणि एकजूट लागते. पुढे पुणे दरबारात ती एकजूट उरली नाही, तेव्हा १८१७ मध्ये इंग्रजांना पुण्यापासून दूर ठेवायला बोरघाटही पुरा पडला नाही.