पोट लहान झाले, पण मनाची भूक?

वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली, की खाण्याची ओढही कायमची संपते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया जठरावर होते, सवयींवर नव्हे.

‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’त जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो. भूक चाळविणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक मुख्यतः याच भागात तयार होत असल्याने सुरुवातीचे काही महिने भूक मंदावते. पुढे मात्र जुनी ओढ डोके वर काढू शकते.

पोटाची भूक हळूहळू वाढते आणि मुगाच्या उसळीनेही भागते. मनाची भूक अचानक उसळते आणि तिला मिठाई किंवा वेफर्सच हवे असतात. कामाचा ताण, दूरचित्रवाणीसमोरची बैठक, सणावारी होणारा आग्रह ही तिची निमित्ते. मऊ व गोड पदार्थ लहान जठरातूनही सहज पुढे सरकतात. त्यामुळे पोट भरल्याची जाणीव न होता येता-जाता खाणे वाढते आणि वजनही. ‘बायपास’ झालेल्यांना गोड खाल्ल्यावर घाम, धडधड व चक्कर असा ‘डंपिंग’चा त्रास होऊ शकतो.

यावर पहिला उपाय म्हणजे नोंदवही. काय खाल्ले, केव्हा आणि त्या वेळी मनःस्थिती कशी होती, हे लिहिल्यास निमित्ते उघड होतात. मोहाचे डबे घरात न ठेवणे, जेवणात प्रथिने आधी खाणे, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने पिणे, हेही उपयुक्त ठरते. ओढ परतली म्हणजे शस्त्रक्रिया फसली, असे नव्हे. ती लपविण्याऐवजी आहारतज्ज्ञ वा समुपदेशकाला वेळीच सांगणे अधिक हिताचे.