बेचाळीस धावा आणि एक कर्णधार

भारतीय क्रिकेटच्या परदेश दौऱ्यांच्या इतिहासात १९७१ या वर्षाला मानाचे स्थान आहे. त्या वर्षी मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ट इंडिजचा आणि २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडचा पराभव करून भारताने दोन्ही मालिका १-० अशा जिंकल्या. सुनील गावसकर यांच्या पदार्पणातील ७७४ धावा, दिलीप सरदेसाई यांच्या ६४२ धावा आणि चंद्रशेखर यांनी ओव्हलवर अवघ्या ३८ धावांत टिपलेले सहा बळी यांचे मोल मोठे होतेच; पण या यशाचे शिल्पकार म्हणून देशाने डोक्यावर घेतले ते कर्णधार अजित वाडेकर यांना. मुंबईने त्यांचे अपूर्व स्वागत केले. इंदूरमध्ये तर विजयाचे स्मारक म्हणून एक प्रचंड बॅट उभारण्यात आली.

तीनच वर्षांनी, २४ जून १९७४ रोजी, लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव १७ षटकांत ४२ धावांवर आटोपला. एकनाथ सोलकर यांच्या नाबाद १८ धावा वगळता कोणालाही दोन आकडी संख्या गाठता आली नाही. मालिका ०-३ अशी गेली आणि स्तुतीची जागा संतापाने घेतली. इंदूरच्या बॅटीला डांबर फासले गेले, वाडेकरांच्या घरावर दगड पडले. पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेल्यावर या स्वाभिमानी खेळाडूने वयाच्या तेहतिसाव्या वर्षी निवृत्ती पत्करली.

हा पराभव लाजिरवाणा होता, यात वाद नाही. खेळाडूंमधील बेबनावाची त्या वेळी उघड चर्चा झाली आणि संघ एकदिलाने खेळावा ही जबाबदारी कर्णधाराचीच असते, हेही मान्य करावे लागेल. परंतु त्याच सामन्याच्या पहिल्या डावात याच फलंदाजांनी ३०२ धावा केल्या होत्या, याचा विचार कितीजणांनी केला? १९७१ मध्ये भारताचे कसोटी सामने जुलैच्या उत्तरार्धात व ऑगस्टमध्ये झाले, कारण उन्हाळ्याचा पूर्वार्ध पाकिस्तानच्या वाट्याला गेला होता. १९७४ मध्ये हा क्रम उलटला. थंड, दमट जूनमध्ये चेंडू हवेत वळू लागला, तेव्हा ओल्ड व अरनॉल्ड यांच्या माऱ्यापुढे फिरकीवर पोसलेली फलंदाजी उघडी पडली. दुखापतीमुळे चंद्रशेखर यांना दुसऱ्या डावात फलंदाजीला येताच आले नाही. दौऱ्याचा काळ, हवामान, सरावाची रीत आणि संघाची निवड यांचा हिशेब मांडण्याऐवजी एका माणसाला दोषी ठरवणे सर्वांनाच सोयीचे वाटले.

या वृत्तीशी तुलना करण्याजोगा प्रसंग १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेड येथे घडला. भारताचा डाव ३६ धावांवर संपला आणि बेचाळीसचा नीचांकही मागे पडला. टीका तेव्हाही झाली. परंतु तीन सामने शिल्लक होते आणि संघाने ती संधी डोके शांत ठेवून वापरली. विराट कोहली मायदेशी परतल्यावर अजिंक्य रहाणे यांनी सूत्रे हाती घेतली. मेलबर्नसाठी संघात चार बदल झाले, ते गरज पाहून. रहाणे यांनी तेथे ११२ धावा केल्या व सामना जिंकला. सिडनीला चिवट झुंज देऊन पराभव टाळला आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला ३२८ धावांचे लक्ष्य गाठून मालिका २-१ अशी खिशात घातली. ॲडलेडच्या पराभवाने हा संघ नालायक ठरला, असा निकाल त्याच रात्री कोणी दिला असता, तर तो महिनाभरही टिकला नसता.

परदेशातील पराभवाची चिकित्सा कठोरपणे व्हावी. खेळाडूंना ती टाळण्याचा अधिकार नाही. पण चिकित्सा करायची तर माहिती हवी. प्रत्येक दौऱ्यानंतर क्रिकेट नियामक मंडळाने आखणी, सराव, निवड व दुखापती यांचा सविस्तर अहवाल जनतेपुढे ठेवावा. त्यात मंडळाच्या स्वतःच्या चुकाही याव्यात. वाडेकर १५ ऑगस्ट २०१८ रोजी निवर्तले. तत्पूर्वी, १९९० च्या दशकात, त्यांनी राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक म्हणून पुन्हा मोलाची सेवा बजावली. ज्या माणसाकडून देशाला आणखी इतके मिळायचे होते, त्याला १९७४ मध्ये मैदानाबाहेर घालवण्याची घाई झाली. पुढच्या कर्णधाराच्या बाबतीत तरी ती होऊ नये.